लावणी कोणत्या कपाटात ठेवायची?

"लावणी ना? मग कवितेच्या कपाटात बघा."

ग्रंथपाल काकांनी हे इतक्या सहज सांगितलं की मीही सहज तिकडे वळले. पुण्यातलं एक जुनं ग्रंथालय, दुपारची वेळ, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. कपाटात लावण्यांचे संग्रह होते, शाहिरांवरची पुस्तकं होती. अर्ध्या तासानं मी परत काउंटरवर आले.

"काका, मला लावणीचा नाच हवाय. म्हणजे अदा कशी करतात, कोण कुणाकडून शिकलं, असं काहीतरी."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नृत्यात भरतनाट्यम आहे, कथक आहे. लावणी कवितेतच." मग जरा विचार करून म्हणाले, "तमाशा नाटकात मिळेल. आणि लोकनृत्यात बघा. स्नेहसंमेलनात नाच बसवायची पुस्तकं आहेत, त्यात एखादं पान असेल."

मला हसू आलं. पण काका चुकले नव्हते. महाराष्ट्रानं लावणीचं काय करून ठेवलंय, ते त्यांनी एका मिनिटात सांगून टाकलं होतं.

मी तेव्हा परफॉर्मिंग आर्ट्समध्ये एम.ए. करत होते. प्रबंधाचा विषय होता बैठकीच्या लावणीतली अदा. त्यासाठी दोन वर्षं ग्रंथालयं, संकेतस्थळं आणि रात्री दोन वाजेपर्यंत फोन, असं सगळं पालथं घातलं. काय कुठे मिळतं ते पुढे सांगतेच, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. पण लेख त्यासाठी नाही. शोधताना माझ्या लक्षात आलं की लावणीबद्दल काय सापडतं यापेक्षा काय सापडत नाही, हे जास्त बोलकं आहे. आणि न सापडण्याचेही दोन प्रकार असतात. दुसरा प्रकार मला फार उशिरा कळला.

घरातले खेळ आणि करमणूक

आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीनं लावतात. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसानं १८७६ साली ती काढली. जगातलं सगळं ज्ञान ००० ते ९९९ या आकड्यांत बसवायचं, अशी योजना. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा तो हाच.

या योजनेत मराठी कविता ८९१.४६१ वर येते. लावणीसंग्रह तिथे. तमाशा ७९२ वर, म्हणजे रंगभूमीत. लावणीचं संगीत ७८१.६२ वर, लोकसंगीतात. लावणी करणाऱ्या बायकांची जात, त्यांचं शोषण, हे ३०५ वर, समाजशास्त्रात. आणि नाच?

नाचाला दोन घरं आहेत. बॅले आणि रंगमंचावरचं नृत्य ७९२.८ वर, रंगभूमीच्या शेजारी. लोकनृत्य मात्र ७९३.३१ वर. हे ७९३ म्हणजे काय, ते मी मुद्दाम पाहिलं. त्या वर्गाचं नाव आहे 'घरातले खेळ आणि करमणूक'.

एक नाच, पाच कपाटं. तुम्हाला एका बाईबद्दल वाचायचं असेल तर तिचे शब्द एका मजल्यावर, आवाज दुसऱ्या, जात तिसऱ्या आणि पाय खेळांच्या शेजारी.

कुणी म्हणेल, आकडेच ते, त्यात काय एवढं! पण एखादी गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवताना ती काय आहे याचा निवाडा झालेलाच असतो. वर्गीकरण ही समीक्षाच आहे, फक्त तिच्याखाली समीक्षकाची सही नसते. 'लोकनृत्य' हा शब्दच घ्या. सुगीला, सणाला, लग्नात गाव मिळून नाचतं, त्याला लोकनृत्य म्हणणं समजू शकतं. लावणी कधीच तशी नव्हती. ती पोटासाठी, पैसे घेऊन, वर्षानुवर्षं शिकून करायची कला आहे. ठरावीक जातींतल्या बायकांनी ती केली आणि गावानं समोर बसून पाहिली. पण एकदा 'लोक' म्हटलं की कर्ता सांगावा लागत नाही. कथकमध्ये घराणं विचारतात, गुरू विचारतात. लोकनृत्यात विचारतात, "ड्रेस कुठून आणला?"

हे मी स्वतःला वगळून म्हणत नाही. मी नऊ वर्षं कथक शिकले. आमच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटी एक 'महाराष्ट्राची लोकधारा' असायची आणि त्यात मी दोनदा लावणी केली. वंदनेपासून तराण्यापर्यंत कोणती रचना कुणाची ते निवेदक सांगायच्या. लावणी कुणाची, कुणाकडून आली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

छापलेली एक ओळ

कवितेच्या कपाटावर मात्र अन्याय करायला नको. मराठीत लावणीवर गंभीरपणे लिहिलं गेलं ते आधी तिथेच. म. वा. धोंड यांचं 'मऱ्हाटी लावणी' आजही वाचावं असं आहे. गंगाधर मोरजे यांचं 'मराठी लावणी वाङ्मय' म्हणजे तर मोठा खजिना. लावणीकडे केवळ शृंगारिक, केवळ चावट म्हणून पाहण्याची सवय मोडायला या अभ्यासकांची मदत झाली. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर, अनंत फंदी यांची नावं आपल्याला माहीत आहेत ती अशा लेखनामुळे आणि शाळेच्या पुस्तकांमुळे.

पण ही सगळी नावं पुरुषांची आहेत. लावणीतली 'मी' बहुतेक वेळा बाई असते. तो 'मी' लिहिणारा पुरुष आहे, संपादक पुरुष आहे. तो 'मी' प्रत्यक्ष उभा करणारी बाई पुस्तकात कुठेच नाही. ती या व्यवहारातून छपाईच्या आधीच बाहेर पडलेली असते.

आणि तिच्याबरोबर निम्मी लावणीही बाहेर पडते. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून गाते आणि गाता गाता अदा करते. डोळे, भुवया, मान, पदर, मनगट एवढ्यातच सगळं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा लाज, एकदा लाजेचं नाटक. आलेल्या माणसाकडे बघून म्हटली तर ओळ वेगळी, दाराकडे बघून म्हटली तर वेगळी. कथकमध्ये ठुमरीवर बसून भाव दाखवतात, तसंच काहीसं. माझ्या कथकच्या वहीत त्यावर आठ पानं आहेत. लावणीच्या पुस्तकात ती ओळ एकदा छापलेली असते आणि पुढे पूर्णविराम.

म्हणून छापलेल्या लावणीवर 'यात तोच तो शृंगार आहे, पुनरुक्ती आहे' असा शेरा कुणी मारला की मला वाटतं, हा माणूस शिधा बघून जेवणाला नावं ठेवतोय. ज्याला पुनरुक्ती म्हणतात ती अदेसाठी सोडलेली जागा असते. ती भरणारीचं नाव आपण लिहून ठेवलं नाही, म्हणून जागा रिकामी दिसते.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

बाईचं नाव सापडतं ते तिसऱ्या कपाटात. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' या नियतकालिकात लावणी कलावतींवर एक निबंध लिहिला. पेशवाईतल्या कुणबिणी आणि नाटकशाळांपासून पुढच्या काळापर्यंत, खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांची लैंगिकता दुसऱ्यांनी कशी वापरली, हे त्या दाखवतात. तो वाचल्यावर मला माझी 'लोकधारा' आठवली आणि दोन दिवस काही सुचलं नाही. शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक २०२२ साली आलं. पवळाबाई आणि पठ्ठे बापूराव यांच्यापासून मंगला बनसोडे यांच्यापर्यंतचा तमाशा त्यात आहे. 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणुसकी' हे आपलेच शब्द त्यांनी इतके बारकाईनं तपासलेत की ते परत सहज वापरता येत नाहीत.

या दोघींनी विचारलेले प्रश्न टाळून आता लावणीवर लिहिताच येणार नाही. पण या कपाटातलं बाकीचं, म्हणजे चरित्रं, पुरवण्यांमधले लेख, पुरस्काराच्या वेळच्या मुलाखती वाचताना मला एक गोष्ट खटकायला लागली.

विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. विठाबाईंबद्दल कुणालाही विचारा, तो हे सांगेल. मी अनेकांना पुढचा प्रश्न विचारून पाहिला: त्या नाचायच्या कशा? जलद की संथ? ढोलकीशी त्यांचा संवाद कसा असायचा? गिरकी कशी घ्यायच्या? उत्तर मिळालं नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या कलावतीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट तिच्या वेदनेची आहे, तिच्या कलेची नाही.

आपण या बायकांचं सोसणं जपून ठेवलं आणि शिकणं टाकून दिलं. दुःख सांगितलं की आपल्याला हळहळता येतं. कौशल्य सांगितलं तर बरोबरीनं बसवावं लागेल.

याला अपवाद आहेत. भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक थिएटरमधल्या बायकांबरोबर बसून, हसून, त्यांच्या घरी जेवून लिहिलेलं आहे. सावित्री मेधातूल यांच्या 'नटले तुमच्यासाठी' या माहितीपटात आणि पुढे 'संगीत बारी'च्या रंगमंचावरच्या प्रयोगांत या बायका नुसत्या माहिती पुरवत नाहीत, कलावंत म्हणून समोर येतात. तुम्ही इथूनच सुरुवात करा, असं मी म्हणेन.

फोनवर

आता फोन. इथे आधी उपयोगाचं सांगते.

शोधताना एकच स्पेलिंग घालू नका. देवनागरीत 'लावणी' घाला आणि रोमन लिपीत निदान तीन प्रकारे लिहून बघा, एक 'व्ही'चं, एक 'डब्ल्यू'चं, एक मधला 'ए' गाळून. प्रत्येक वेळी वेगळं काही सापडतं. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो स्कॅन प्रती आहेत, पण त्यांची नावं कुणीतरी रोमनमध्ये कशीही टाइप केलेली आहेत. पुस्तकाचं नाव सापडलं नाही तर लेखकाचं आडनाव घाला, तेही दोन प्रकारे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशातल्या 'लावणी' आणि 'तमाशा' या नोंदी सुरुवातीला चांगल्या.

प्रबंधांसाठी शोधगंगा. तिथे एकेक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असतं, पहिली फाइल मुखपृष्ठ, दुसरी प्रमाणपत्र, असं करत करत आपण मुद्द्याला येतो. आणि एक मोठी अडचण: जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, मशीनला ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते. म्हणजे आत 'अदा' हा शब्द शंभर वेळा असला तरी शोधल्यावर शून्य. तिथे कंट्रोल-एफ विसरा, अनुक्रमणिका उघडा आणि वाचा.

ऐकण्या-पाहण्यासाठी प्रत्यक्ष जावंच लागतं. मुंबईतलं एनसीपीए, दिल्लीतल्या संगीत नाटक अकादमीचा दृकश्राव्य संग्रह, गुरुग्रामचं एआरसीई हे संगीताचं संग्रहालय, आणि चित्रपटांसाठी पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जाण्याआधी पत्र लिहा, विषय नेमका सांगा. 'लावणीबद्दल सगळं' असं मागितलं तर हाती काही लागत नाही.

पण आपण आधी जातो ते यूट्यूबवर. तिथे लावणी शोधली की सगळ्यात वर चित्रपट. 'पिंजरा' (१९७२) आणि 'नटरंग' (२०१०). यात गैर काही नाही, दोन्ही मला आवडतात. 'पिंजरा'त खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज आणि संध्याबाईंचा नाच. 'नटरंग'मधल्या गाजलेल्या लावणीत बेला शेंडेंचा आवाज, अमृता खानविलकर आणि फुलवा खामकर यांची नृत्यरचना. बघा, मला न शोधता सगळी नावं सांगता आली. चित्रपटाला श्रेयनामावली असते.

आता थोडं खाली सरका. थिएटरमधले, जत्रेतले, कुणीतरी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ सुरू होतात. शीर्षकं बघा. 'जबरदस्त लावणी', 'पब्लिक झाली वेडी', आणि मी इथे लिहू शकत नाही अशी बरीच. नाचणारीचं नाव नाही. गाव नाही, साल नाही, ढोलकी कुणाची ते नाही. खालच्या प्रतिक्रिया वाचू नका. पुस्तकात शब्द होते आणि शरीर नव्हतं. इथे शरीर आहे आणि माणूस नाही.

नोंद म्हणजे काय

नाचाची नोंद ठेवता येते, हे मला परदेशी संग्रहांमुळे कळलं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत १९४४ पासून नृत्याचा स्वतंत्र विभाग आहे. जेनेव्हीव्ह ऑस्वाल्ड या बाईंनी तो उभा केला. पुढे नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी 'फिडलर ऑन द रूफ' या त्यांच्या तुफान चाललेल्या संगीतनाटकाच्या कमाईतला वाटा तिथल्या चित्रफितींच्या संग्रहाला दिला आणि आज त्या विभागाला त्यांचंच नाव आहे. त्याची सूची फोनवरून पाहता येते. जेकब्स पिलो या अमेरिकेतल्या नृत्यमहोत्सवानं तर १९३० च्या दशकापासूनच्या छोट्या चित्रफिती संकेतस्थळावर खुल्या ठेवल्यात. प्रत्येकीखाली कोण नाचतंय, रचना कुणाची, साल कोणतं ते लिहिलेलं.

१९६२ साली याच जेकब्स पिलोमध्ये टी. बालसरस्वती नाचल्या होत्या. त्या देवदासी परंपरेतल्या. त्यांच्या घराण्याला, त्यांच्या समाजालाही 'तसल्या बायका' हे ऐकावं लागलं होतं. बसून, एका पदावर, चेहऱ्यानं आणि हातांनी अर्थ उलगडत नेण्यात त्यांची बरोबरी नव्हती म्हणतात. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये त्यांच्यावर 'बाला' हा माहितीपट केला.

'बाला' पाहताना मला सतत यमुनाबाई वाईकर आठवत राहिल्या. बैठकीच्या लावणीच्या अदेतलं सगळ्यात मोठं नाव. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. म्हणजे दखल घेतलीच नाही, असं म्हणता येणार नाही. पण फोनवर माझ्या हाती लागलं ते बहुतेक उतारवयातलं: शाल, श्रीफळ, मुलाखत, 'तुम्ही किती सोसलंत'. भरतनाट्यम 'शास्त्रीय' ठरलं, त्यामुळे बालसरस्वतींचा हात कुठे वळतो यावर लोक पुस्तकं लिहितात. लावणी 'लोक' राहिली, त्यामुळे यमुनाबाईंना आपण हार घातले.

तेव्हा मी ठरवलं की प्रबंधात निदान एक नोंद नीट करायची. एका अनाम बाईला नाव द्यायचं.

नाव लिहू नको

ती चित्रफीत चार मिनिटांची होती. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, कोपऱ्यात पुसट तारीख, मधे मधे पांढऱ्या रेघा. एक चाळिशीची बाई बसून लावणी म्हणते आहे. एक ओळ ती सहा वेळा घेते. चौथ्या वेळी ती काहीच करत नाही, फक्त पापण्या खाली घेते, आणि मागे बसलेला पेटीवाला हसतो. मी ती शेकडो वेळा पाहिली असेल. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'या बाई कोण?' प्रश्नाला नऊ वर्षं झाली होती. उत्तर नव्हतं.

ढोलकीवाल्यांना दाखवत दाखवत, एकाकडून दुसऱ्याकडे जात सात महिन्यांनी पत्ता लागला. एका तालुक्याच्या गावात, दोन खोल्यांचं घर, दारात तुळस आणि नातवाची सायकल.

मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरला. "आवाज वाढव," म्हणाल्या. पहिल्या ओळीला हसल्या. दुसरीला डावा हात आपोआप पदराकडे गेला.

"कुणी टाकलं हे?"

"माहीत नाही, मावशी."

"किती लोकांनी बघितलं?"

"सत्तर हजार."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलं न्हाई."

मला वाटलं, हाच तो क्षण. मी म्हटलं, "मावशी, मी प्रबंधात तुमचं नाव लिहिणार आहे. आजवर कुणी लिहिलं नाही, मी लिहिते."

"नको बाळा. नाव लिहू नको."

मला आधी वाटलं, लाजतायत. मग त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. नात नर्सिंगला होती, तालुक्याच्या बाहेर, वसतिगृहात. तिच्या मैत्रिणींना माहीत नव्हतं. "आत्ता यात नाव न्हाई म्हणून कुणाला सापडत न्हाई. तू लिहिलंस की उद्या कुणीबी नाव टाकंल आणि हे निघंल. ही पोरगी तिथं एकटी असती."

मी दोन वर्षं ज्याला अन्याय म्हणत होते, त्या नाव नसण्याच्या आडोशाला एक मुलगी शिकत होती. माझ्या सगळ्या मांडणीत 'सापडणं' हे चांगलंच, असं मी धरून चालले होते. सापडल्यानंतर काय होतं, ते सापडणारीलाच माहीत असतं.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"ही अदा माझ्या मावशीची, हे लिही. तिनं मला समोर बसवून शिकवली. सहा न्हाई, सात आहेत. सातवी यात न्हाई. त्या दिशी ढोलकी आधीच समेवर आली म्हणून सोडली." आणि बसल्या जागी, चहाचा कप बाजूला ठेवून, त्यांनी सातवी करून दाखवली. ती मी इथे वर्णन करणार नाही. तेही त्यांनी विचार करून सांगते म्हटलं होतं, आणि अजून सांगितलेलं नाही.

कोणत्याही संग्रहात, न्यूयॉर्कच्यासुद्धा, ती फीत 'संपूर्ण' म्हणून नोंदली गेली असती. ती अपुरी आहे हे जगात सांगू शकणारी बाई दोन खोल्यांच्या घरात होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

दोन कोऱ्या जागा

परत आल्यावर मी एक कार्ड केलं. प्रकार: बैठकीची लावणी. अदा: सात, चित्रफितीत सहा. का सहा: ढोलकी आधी समेवर आली. कुणाकडून शिकली: मावशीकडून, समोर बसून. नाव: सांगणारीच्या इच्छेनुसार दिलेलं नाही.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्या पानावर लाल पेननं लिहिलं, 'संदर्भ? दुवा?' त्यांचं बरोबर होतं. ज्याची शहानिशा करता येत नाही ते संशोधन कसलं? आमचा तीन आठवडे वाद झाला. शेवटी एवढं ठरलं की दुवा द्यायचा नाही, पण दुवा का नाही ते एका परिच्छेदात लिहायचं. त्या परिच्छेदासाठी माझे गुण कापले गेले असतील, मला माहीत नाही. तो माझ्या प्रबंधातला मला सगळ्यात पटलेला परिच्छेद आहे.

कुणी विचारलंच नाही म्हणून कोरी राहिलेली जागा आणि तिनं नको म्हटलं म्हणून कोरी ठेवलेली जागा, या सूचीत सारख्याच दिसतात. पहिली ही आपली लाज आहे. दुसरी हा तिचा हक्क आहे. लावणीच्या आजवरच्या सगळ्या कपाटांत पहिल्याच प्रकारच्या जागा आहेत. दुसऱ्या प्रकारची जागा तयार व्हायला आधी जाऊन विचारावं लागतं.

ती चित्रफीत काढून टाकावी म्हणून मावशींच्या सांगण्यावरून मी यूट्यूबला कळवलं, टाकणाऱ्यालाही लिहिलं. ती अजून तिथेच आहे. तुम्हाला कधी दिसली आणि बाई ओळखीच्या वाटल्या, तर खाली नाव लिहू नका.

आणि तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत कुणी लावणी केलेली बाई असेल, तर तिला जाऊन विचारा: तुम्ही कुणाकडून शिकलात? 'किती सोसलंत' हे नंतर विचारा, किंवा विचारूही नका. ती जे सांगेल ते लिहा. काय लिहू नको म्हणाली, तेही लिहून ठेवा.

प्रबंधाची एक प्रत मी त्या ग्रंथालयाला दिली. काकांनी मुखपृष्ठ वाचलं, पाठीवर चिकटवायची चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, "कुठे ठेवायचा हा?"

"नृत्यात," मी म्हटलं. "कथकच्या शेजारी."

काकांनी चिठ्ठीवर पेन टेकवलं, उचललं. म्हणाले, "राहू दे इथे टेबलावर. आधी वाचतो, मग ठरवू."

मला ते चालण्यासारखं होतं.